पहिली तुकडी तिच्या ताटात

आमच्या घरात माशाचे वार ठरलेले आहेत. बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मालवणकडच्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने हाच हिशोब चालतो. गरोदर बाईने आठवड्यातून दोन ते तीन वेळा मासे खावेत, सगळे मिळून साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. तो वाचला तेव्हा मला समाधान वाटलं. देवांच्या वारांनी आमच्याकडे हे गणित कधीचंच बसवून दिलं होतं.

पण वार ठरले म्हणजे मासा योग्य ताटात पडतोच असं नाही. माझ्या लहानपणी सुरमईच्या मधल्या जाड तुकड्या आजोबांना, वडिलांना आणि पाहुण्यांना जायच्या. त्यानंतर मुलगे, मग आम्ही मुली. बायका शेवटी बसायच्या, तोवर टोपात डोकं, शेपटी आणि खालचं दाट कालवण उरलेलं असायचं. माशाच्या डोक्याला मी नावं ठेवणार नाही, माझी आई अजूनही ते कुणाला देत नाही. पण माझी काकी सातव्या महिन्यात असताना कालवण-भात कालवून जेवत होती आणि त्या कालवणात मासा नव्हता, हे मला स्पष्ट आठवतं. तिच्यावर कुणाचा राग नव्हता. तिच्या सासूचा तर तिच्यावर फार जीव होता. वाढायचा क्रम तसा होता आणि तो क्रम बदलता येतो हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आमची सून भंडाऱ्याची. तिच्या माहेरी मासा तलावाचा. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आहेत, आणि त्यांत जाळं टाकणारे ढिवर लोक. रोहू, मरळ, वाम, झिंगे हे तिच्या जिभेवरचे मासे. लग्न होऊन ठाण्याला आली तेव्हा बांगड्याचा वास तिला फारच उग्र वाटायचा. हळूहळू तिला तो आवडायला लागला. आणि ती पुरती रुळली असं आम्ही म्हणेपर्यंत तिला दिवस गेले.

पहिले तीन महिने घरात मासा शिजला नाही. शेजारच्या घरातून तळणीचा वास आला तरी ती खिडकी लावून घ्यायची. अशा वेळी ‘बाळासाठी दोन घास खा’ म्हणून कुणी मागे लागू नये असं मला मनापासून वाटतं. मळमळणाऱ्या बाईला आवडीचंही सोसत नाही, तिथे ताटात बांगडा ठेवणं हा छळच. त्या दिवसांत अंडी, मुगाचं वरण, नाचणीची आंबील, ताक, जे पोटात टिकेल ते. चौथा महिना सरता सरता एका संध्याकाळी तिनेच विचारलं, “आई, जवळ्याची चटणी आहे का हो घरात?” त्या दिवशी मी डब्यातला होता नव्हता तो सगळा जवळा भाजला.

मग सल्ले सुरू झाले. मासे उष्ण पडतात, बंद कर. मासे खाऊन वर दूध पिऊ नको, बाळाला कोड येईल. आणि फोनवर कुणीतरी सांगितलं की माशांत पारा असतो, बाळाचा मेंदू बिघडतो, एकही मासा खायचा नाही. सून रडकुंडीला आली. मला म्हणाली, “काय खायचं नाही ते सगळे सांगतात. काय खायचं ते तुम्ही सांगा.”

तिला नुसतं माझ्या मनाने उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून मी वाचायला बसले.

कोडाचं सगळ्यात आधी निकालात निघालं. मासे आणि दूध एकत्र घेऊ नये हे आयुर्वेदात सांगितलंय, पण त्याने कोड येतं याला वैद्यकात आधार नाही. घरातल्या मोठ्यांच्या मनाला रुखरुख लागू नये म्हणून दूध सकाळी आणि मासा दुपारी, एवढं केलं की वाद मिटतो. सोलकढीतलं दूध तर नारळाचं. ती कितीही प्यावी.

माशाची खरी गरज का, हे मात्र मला नीट समजून घ्यायचं होतं. पोटातल्या बाळाचा मेंदू शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढतो आणि जन्मानंतर पहिली दोन वर्षं ती वाढ चालूच राहते. त्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या पडद्याच्या बांधणीत डीएचए नावाचं एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल लागतं. जवस आणि अक्रोड यांतून मिळणारं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं. शरीर त्यातून डीएचए बनवतं, पण फार थोडं. मासा खाणाऱ्याला ते तयार मिळतं. त्यासोबत उत्तम प्रथिनं, बी-१२, ड जीवनसत्त्व, सेलेनियम आणि समुद्राच्या माशातून आयोडीन. आयोडीन आईच्या थायरॉइडला लागतं, आणि बाळाच्या मेंदूची घडण सुरुवातीला त्याच थायरॉइडवर अवलंबून असते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागात १९९१-९२ च्या सुमारास गरोदर असलेल्या हजारो बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यातल्या ११,८७५ जणींच्या आहाराचा अभ्यास २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये, आठव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यांकात मागे असलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे गोष्टी हिशोबात धरल्यावरसुद्धा. हे महत्त्वाचं अशासाठी की २००४ च्या अमेरिकन सल्ल्यात ३४० ग्रॅम ही वरची मर्यादा होती. पाऱ्याच्या धास्तीने बायकांनी मासे कमी खावेत असा त्याचा रोख, आणि कित्येकींनी भीतीने मासा सोडूनच दिला. २०१४ मध्ये नवा मसुदा आला, त्यात पहिल्यांदा ‘किमान इतकं तरी खा’ असा आकडा घातला गेला. २०१८ मध्ये ७० चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा, गरोदरपणात ओमेगा-३ घेतल्याने ३७ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचं प्रमाण १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर येतं असं दिसलं. त्यातल्या बहुतेक चाचण्या गोळ्यांच्या होत्या, ताटातल्या माशाच्या नव्हेत. तरी दिशा कळते.

आता पारा. तो धोका खोटा नाही. जपानमध्ये मिनामाता नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात १९५६ मध्ये एक अनोळखी आजार नोंदला गेला. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पाऱ्याचं संयुग खाडीत जात होतं, माशांत साठत होतं आणि माशांतून माणसांत. आयांना फारसं काही न होता त्यांची बाळं जन्मतःच मेंदूला इजा घेऊन आली, कारण गर्भाशयातली वार पाऱ्याला अडवत नाही, तो बाळाकडे जातो. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवायची पद्धत आहे. पुढे संशोधकांनी त्याच नाळी तपासल्या, त्यांत पारा सापडला. हे वाचून मी बराच वेळ काही काम करू शकले नाही. आमच्याकडेही नाळ जपतात.

मिनामाता हा कारखान्याने केलेला विषप्रयोग होता. साध्या समुद्रात पारा फार विरळ असतो, पण तो एकातून दुसऱ्यात चढत जातो. बारीक जीव पाण्यात तरंगणारं सूक्ष्म प्लवंग खातात, त्यांना लहान मासे, लहानांना मोठे, मोठ्यांना त्याहून मोठे. जो मासा शिकारी आहे, आकाराने मोठा आहे आणि बरीच वर्षं जगलाय, त्याच्या अंगात पारा जास्त. मुशी (शार्क), तलवारमासा, मार्लिन, मोठा कुपा (ट्यूना) हे त्यातले. शिजवल्याने, तळल्याने, कातडं काढल्याने तो जात नाही, मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसलेला असतो. माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पन्नास दिवस लागतात, म्हणून मूल हवं असं ठरवलेल्या बाईनेही आधीपासून जपावं.

याची दुसरी बाजू मला फार आवडली. बांगडा आणि तारली प्लवंगावर जगतात, फार वर्षं जगत नाहीत, आणि त्यांच्या अंगात चरबी भरपूर. म्हणजे पारा कमी आणि ओमेगा-३ जास्त. मांदेली, पेडवे, मुडदुशी, बोंबील हेही लहान, सुरक्षित मासे. सुरमईबद्दल अमेरिकन यादी थेट बोलत नाही, पण त्या यादीत टाळायला सांगितलेला एक मासा सुरमईच्याच कुळातला आहे. म्हणून गरोदरपणात सुरमई घ्यायची तर लहान, आणि कधीतरी. दर रविवारी मोठ्या सुरमईच्या तुकड्या नकोत.

बाजारात याच्या बरोबर उलट चालतं. घरात पोटुशी सून आहे म्हटल्यावर शेजारणी विचारतात, “पापलेट आणता ना तिच्यासाठी?” पापलेट वाईट मुळीच नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा म्हणून मान दिला, काटा कमी, मांस मऊ. पण त्या किमतीत आठवडाभराचे बांगडे येतात, आणि मेंदूला लागणारी चरबी बांगड्यात जास्त. स्वस्त म्हणून बांगडा पाहुण्यांसमोर ठेवायला लोक लाजतात. वाट्यावर मिळणाऱ्या तारल्या तर काहीजण दारातून आत येऊ देत नाहीत. मी मात्र आता गरोदर बाई असलेल्या प्रत्येक घराला सांगते, पैसे वाचवा, तारल्या घ्या, उरलेल्या पैशांची फळं आणा.

मासा ताजा हवा, आणि या दोन माशांच्या बाबतीत तर जास्तच. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. बांगडा, तारली, कुपा हे उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्लं की तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. शिजवून ते नाहीसं होत नाही. आमच्या बाजारातल्या कोळीणबाईंना ही केमिस्ट्री माहीत नाही, पण बर्फावरून काढलेला बांगडा त्या मला घरी पोचेपर्यंत पिशवीत बर्फ घालून देतात. सुनेला सातवा लागल्याचं कळल्यावर त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली, “ताई, आज बांगडा नको, कालचा हाय. मांदेली घेऊन जा.” असा शब्द देणारी कोळीण मिळणं हे भाग्य.

मध्यम बांगडा सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा भरतो, डोकं, पोट, काटा गेला की निम्म्याच्या आसपास मांस उरतं. म्हणजे तिच्या ताटात एका वेळी दोन बांगडे. एक नाही, दोन. सासू म्हणून हे मी मोजून वाढत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिखलं मी असं करते. ओलं खोबरं, चार-पाच बेडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि हळद हे बारीक वाटायचं. आमच्याकडे या कालवणात कांदा-लसूण पडत नाही. वाटण टोपात थोड्या पाण्यात सैल करून मीठ, तीन-चार आमसुलं आणि आतलं काळं बी काढून ठेचलेली तिरफळं घालायची. तिरफळं वाटायची नाहीत, कडू होतात. रटरटायला लागलं की बांगड्याचे तुकडे सोडायचे, मग डाव घालायचा नाही, टोप हलवायचा. आठ-दहा मिनिटांत मासा पांढरा होऊन काट्यापासून सुटतो. गॅस बंद केल्यावर वरून कच्चं खोबरेल, एक चमचा. बेडगीला रंग असतो, जाळ नसतो, त्यामुळे आठव्या महिन्यात छातीत जळजळणाऱ्या सुनेलाही ते चाललं. माशाची जी चरबी सुटते ती कालवणात उतरते आणि भाताबरोबर पोटात जाते. मासा तेलात बुडवून तळला की तो हिशोब तितका चांगला राहत नाही. रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात भाजलेली तुकडी चालते, पण पोषणाचा विचार केला तर कालवण खरं. आणि मासा पूर्ण शिजलेला हवा. अर्धकच्चा, नुसता धुरावलेला, किंवा शिजवूनही तोंड न उघडलेली तिसरी (शिंपली), असलं काही गरोदर बाईला द्यायचं नाही.

सोबत लाल माठाची भाजी, किंवा शेवग्याचा पाला. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी उचलत नाही, पण त्याच जेवणात मासा असला तर जास्त उचलतं. लिंबू पिळलं तर आणखी. जेवणावर लगेच चहा घेतला तर सगळं उलटं. लोहाच्या गोळ्या तरीही घ्यायच्याच, मासा म्हणजे गोळीची सुट्टी नव्हे. मासा, पालेभाजी, भात आणि सोलकढी एकत्र वाढणाऱ्या आमच्या बायकांनी हे वाचलेलं नव्हतं. पण ताट बरोबर मांडलं होतं. फक्त ते ताट त्या स्वतःसाठी मांडत नव्हत्या.

घरात एकच नियम केला. जेवायला आधी सून बसेल, आणि तिच्याबरोबर सगळे बसतील. पाहुणे असले तरी. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी स्वतःची तुकडी उचलून तिच्या ताटात ठेवली तेव्हा ती संकोचली. “बाबा, तुम्ही घ्या ना.” ते म्हणाले, “मला आता मेंदू वाढवायचा नाहीये.”

माझी आई गावाहून रोज फोन करायची. बाळ झाल्यावर तिचं एकच पालुपद, “तिका मुशी घाल गो, दूध येतला.” आमच्याकडे बाळंतिणीला मुशी देतात. दूध वाढतं अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे, आणि ती फक्त आमची नाही. दक्षिणेतही हीच समजूत आहे, शार्कच्या एका जातीला तर त्यावरूनच दुधाचा शार्क असं नाव पडलंय. आईने स्वतः माझ्या बाळंतपणात मुशीचं सुकं करून मला भरवलं होतं. त्या वासाची, त्या मायेची मला आठवण आहे. तरीही मी सुनेला मुशी दिली नाही, कारण पारा दुधातूनही थोडा जातो आणि मुशी ही शिकारी माशांच्या शिडीवर अगदी वरची.

आईला हे फोनवर कसं सांगायचं ते सुचेना. शेवटी मी तिला फेरो बेटांची गोष्ट सांगितली. उत्तरेच्या समुद्रात, आइसलंड आणि नॉर्वेच्या मध्ये ही बेटं. तिथले लोक शेकडो वर्षं पायलट व्हेल मारून खातात, त्याचे वाटे करून गावात वाटतात, तो त्यांचा मोठा मान. १९८६-८७ मध्ये तिथे जन्मलेल्या हजारभर बाळांचा अभ्यास झाला, आणि आईच्या अंगात जितका पारा जास्त तितकी मुलं लक्ष देण्यात, शब्दांत, आठवणीत मागे पडलेली दिसली. पारा व्हेलच्या मांसातून येत होता. १९९८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी मूल हवं असलेल्या बायकांना व्हेल न खाण्याचा सल्ला दिला. बायकांनी तो मानलाही.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मगे तिका पेडवे घाल. लिपतां कर.” पेडव्यांचं लिपतं, चिंच-कोकमाच्या दाट मसाल्यात लपेटलेलं, काट्यासकट मऊ झालेलं. माझ्या आईने ऐंशी ओलांडल्यावर मुशीची जागा पेडव्याला दिली, हे मला एखाद्या विद्यापीठाच्या निर्णयापेक्षा मोठं वाटतं. सून त्या वेळी माहेरी होती. तिथे तिच्या आईने मरळीचा रस्सा केला होता, अशक्त माणसाला मरळ देतात म्हणून. तलावातल्या माशात समुद्रातल्या माशाइतकं डीएचए किंवा आयोडीन नसतं, पण प्रथिनं चांगली, आणि ज्या हातांनी तो रस्सा वाढला त्या हातांचा तिला जास्त आधार होता. बांगडे आम्ही नंतर बघून घेऊ, असं मी विहीणबाईंना सांगितलं.

नातवाचं उष्टावण सहा महिने पुरे झाल्यावर. पूर्वी लहान मुलांना मासा उशिरा द्या म्हणायचे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत मासा देऊ नका असं सांगितलं होतं. उशीर केल्याने ॲलर्जी टळते याला आधार नाही, असं २००८ मध्ये त्याच संघटनेने म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात तर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला मासा, मांस किंवा अंडं यांपैकी काहीतरी रोज द्यावं असं आहे. आपल्याकडे मात्र वर्षभर वरणाचं पाणी आणि मऊ भात, आणि बाळ हडकुळं राहिलं की दृष्ट काढायची.

आमच्या बाळाचा पहिला मासा मुडदुशी. मुंबईत हिला नगली म्हणतात, मंगळूरकडे काणे. मांस पांढरं, हलकं, आजारातून उठलेल्याला देतात तो हा मासा. थोड्या पाण्यात हळद घालून उकडला, मीठ नाही, तिखट नाही. सकाळच्या वेळी दिला, म्हणजे अंगावर काही उठलं, ओठ सुजले, उलटी झाली तर दिवसाउजेडी डॉक्टरांकडे जाता येतं. दुसरा नवा पदार्थ दोन-तीन दिवस दिला नाही. काही झालं नाही. मग मुडदुशीवरून बोंबील, बोंबलावरून पापलेटचा पोटाचा भाग आणि वर्षाचा झाल्यावर बांगडा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी साधारण तीस ग्रॅम, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरतं. तळहातावर मावेल इतका तो घास, पण त्याला वेळ लागतो.

वेळ काट्याला लागतो. हाताने मासा कुस्करायचा, बोटांच्या टोकांनी प्रत्येक कण चाचपायचा, मग ताटलीत उजेडाखाली पसरून पुन्हा एकदा. चमच्याने हे होत नाही, बोटंच लागतात. बांगड्याचे मधल्या काट्याला लागून असलेले बारीक काटे लबाड. स्वस्त, काटेरी, सकस मासा घराघरांतून मागे पडतो त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. काटा काढणारी बाई एकटी, बाळ रडतंय, आणि बाकीचे जेवून उठलेत. मग ती बिचारी वरणभात भरवते. आमच्या घरी हे काम मुलाकडे दिलं. बुधवार-शुक्रवार तो कामावरून उशिरा येतो, तेव्हा आजोबा करतात. सुनेने तेवढ्या वेळात स्वतः गरम जेवायचं.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. मासे वीत असतात, ही बंदी हवीच. त्या दिवसांसाठी मे महिन्यात गावाहून सुकट येते. सोडे, वाकट्या, सुके बोंबील, जवळा. आई निवडून देते, कारण वाळूत वाळवलेल्यात कचकच राहते आणि दमट झालेल्याला बुरशी येते. खारवलेला सुका मासा गरोदर बाईने कमीच खावा, मीठ फार असतं. पण नुसता उन्हात वाळवलेला जवळा म्हणजे सालासकट खाल्लेलं कॅल्शियम आणि प्रथिनं.

२०२१ चं जागतिक अन्न पारितोषिक शकुंतला थिल्स्टेड यांना मिळालं. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या घरात त्यांचा जन्म. बांगलादेशात त्यांनी मोला नावाच्या बोटाएवढ्या माशावर काम केलं. गरीब घरांत तो डोक्यासकट, काट्यासकट खाल्ला जातो आणि त्यात अ जीवनसत्त्व, लोह, जस्त, कॅल्शियम भरपूर असल्याचं त्यांच्या कामातून दिसलं. घरामागच्या तळ्यात मोठ्या माशांबरोबर मोला वाढवायचा, आणि त्या छोट्या माशांची चटणी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, भुकटी बाळांच्या खाण्यात. हे वाचताना मला आमची जवळ्याची चटणी दिसत होती आणि सुनेला तिच्या तलावातले बारीक मासे. तिच्या आजीच्या घरी ते वाळवून ठेवायचे, ती सांगते. मधल्या काळात ते ‘गरिबांचं’ म्हणून मागे पडलं आणि बाजारातून रोहूचे तुकडे यायला लागले.

यंदा सुनेच्या वहिनीला दिवस गेलेत. मेअखेरीला सून भंडाऱ्याला गेली तेव्हा जवळ्याची बरणी घेऊन गेली, आणि तिथल्या बाजारात ढिवर बायकांकडून बारीक मासे विकत घेऊन आजीकडून वाळवायचं शिकली. परवा रात्री ती वहिनीशी फोनवर बोलत होती. मी नातवाच्या भातात चिमूटभर भुकटी मिसळत होते, वाळवलेल्या तलावातल्या माशांची. “आधी निवडा, मग कोरडाच भाजा, चुरचुरला की काढा,” ती सांगत होती. “खोबरं-लसूण नंतर. जवळा पहिल्यांदा खाणार असाल तर थोडाच खाऊन बघा, कुणाकुणाला सोसत नाही. आणि मीठ चाखून मगच घाला, त्यात असतं थोडं. संपला की कळवा, आईंकडे दोन किलो भरून ठेवलाय.”